पडदा कोणी पाडावयाचा?

धानाची मळणी आटोपून रास घरात आली म्हणजे आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत गावोगावी मंडप उभे राहतात, आणि वडसा येथील नाटक मंडळ्यांना उसंत म्हणून मिळत नाही. या रंगभूमीच्या सेवेबद्दल श्री. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे वाचकांस ठाऊक असेलच.

परंतु आज आम्हांस नाटकाचे गुणगान करावयाचे नाही. त्यातील एक साधी गोष्ट तेवढी वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती ही की, नाटकास ऋतू आहे, वेळ आहे आणि शेवटही आहे. रात्रभर जागलेला प्रेक्षक पडदा पडताच उठतो व घरची वाट धरतो. पुढे मोहफुले वेचण्याचे व तेंदूपत्ता तोडण्याचे दिवस येतात, तेव्हा करमणूक आपण होऊन कामास जागा करून देते.

मोबाईलचे तसे नाही. त्यास ऋतू नाही, आणि पडणारा पडदाही नाही. हे असे का, ते समजून घेणे अगत्याचे आहे. ज्या कंपन्या आपणांस चित्रफिती फुकट दाखवितात, त्यांची मिळकत मुख्यत्वे जाहिरातींवर चालते. आपण जितका अधिक वेळ पाहू, तितक्या अधिक जाहिराती आपल्या डोळ्यांपुढून जातात. म्हणून पाहणाऱ्याने उठूच नये, अशी योजना त्यात केलेली असते. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. पूर्वी एक पान संपले म्हणजे पुढील पान मुद्दाम मागवावे लागे. तेवढ्या अवकाशात ‘आता पुरे’ हा विचार मनात येण्यास सवड असे. २००६ साली अझा रास्किन नामक अमेरिकन गृहस्थाने कधीच न संपणारे पान रचून दाखविले आणि ती सवडही गेली. पुढे त्यांनी स्वतःच या कृतीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तेव्हा तास वाया गेला म्हणून मुलास केवळ आळशी म्हणणे न्यायाचे नव्हे. बसगाडीची वेळ पाहण्यासाठी आम्ही यंत्र हाती घ्यावे आणि गाडी निघून गेल्यावर मान वर करावी, असे आमच्याही बाबतीत घडलेले आहे!

तथापि यंत्र टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यावरूनच बोलाविता येते. शिवारात वाघ आल्याची सूचनाही त्यावर मिळते. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा अनेकांचा अभ्यास त्यावरच चालला. प्रश्न आहे तो एवढाच की, जो पडदा यंत्र पाडीत नाही, तो कोणी पाडावयाचा?

उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहानसे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सर्वत्र प्रसिद्ध झाले. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने घेण्याची रीत पडली. एकाचेही मन वळले नसेल तर चर्चा पुढे चालावयाची. दारूस आळा घालण्याचा निश्चय गावाने असाच केला, आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यास सामूहिक हक्क मिळाला. यातील मर्म हे की, सर्वांनी मिळून केलेला नियम पाळणे सोपे जाते; लादलेला नियम चुकविण्याकडेच मनाचा कल असतो.

मोबाईलच्या बाबतीत हेच मर्म सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली आचरून दाखविले. महामारीनंतर शाळा उघडल्या, तरी मुलांचे चित्त अभ्यासात लागेना. तेव्हा गावाने ठरविले की, सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजताच घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद व्हावेत; ८॥ वाजता पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचन वा संभाषण करावे. प्रारंभी काहींनी थट्टा केली. मग शिक्षक, आशा सेविका आदी मंडळी घरोघर समजावीत फिरली. दीड तास म्हणजे दिवसाचा केवळ सोळावा भाग! आणि तो भोंगा मुलांपुरता नव्हता, थोरांसाठीही होता.

प्रत्येक गावी भोंगा बसेल असे नाही. परंतु प्रत्येक घरी एक वेळ ठरविता येईल. विद्यार्थिमित्रहो, यंत्र हाती घेण्यापूर्वी ‘कशासाठी?’ असे मनास विचारा, आणि ते काम होताच ते खाली ठेवा. आपोआप पुढे चालणारी चित्रफीत व सूचनांचे आवाज बंद करता येतात, ते करा. वाघाची चित्रफीत आली तर ती कोठली व केव्हाची, याची खात्री केल्यावाचून पुढे पाठवू नका. उगाच घाबरविलेले गाव खऱ्या सूचनेच्या वेळी बेसावध राहते. पालकांस आमची विनंती इतकीच की, नियम सर्वांनी एकत्र बसून करावा आणि आपणही पाळावा. स्वतः मोबाईल पाहत ‘अभ्यास कर’ म्हणणाऱ्या वडिलांचे शब्द मूल ऐकत नाही. ते त्यांचे वागणे पाहते.

आणि मोकळ्या झालेल्या वेळी घरच्या आजीजवळ बसावे. कोणती रानभाजी केव्हा उगवते, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर लावतात, गोंडी वा माडिया बोलीतील जुन्या गोष्टी, हे पुष्कळसे तिच्या मुखीच आहे. लिहिलेले कोठे सापडावयाचे नाही. मोबाईल उद्याही असेल. आजी नेहमीच असेल असे नाही, एवढे ध्यानी धरले तरी पडदा केव्हा पाडावा हे कोणी सांगावयास नको.