हुतात्म्यांना मानवंदना आणि हयात सैनिकांची प्रतीक्षा यादी

अमेरिकेत मे महिन्याचा अखेरचा सोमवार ‘मेमोरियल डे’ म्हणून पाळला जातो. रणांगणावर देह ठेवलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा हा राष्ट्रीय दिवस. यादवी युद्धानंतर उत्तरेकडील माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी केलेल्या आवाहनानुसार ३० मे १८६८ रोजी मृत सैनिकांच्या कबरींवर फुले वाहण्यात आली. पहिल्या महायुद्धानंतर सर्वच युद्धांतील हुतात्म्यांचा या स्मरणात समावेश झाला आणि १९७१ पासून हा दिवस सोमवारी पाळला जाऊ लागला. हयात माजी सैनिकांसाठी ११ नोव्हेंबर हा स्वतंत्र दिवस आहे. तरीही मेमोरियल डेच्या निमित्ताने एक प्रश्न हमखास विचारला जातो. मृतांपुढे नतमस्तक होणारे राष्ट्र युद्धातून जखमी होऊन परतलेल्यांची काळजी कशी घेते?

ही जबाबदारी तेथे माजी सैनिक व्यवहार खात्याकडे आहे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या यंत्रणेला १९८९ मध्ये केंद्रीय मंत्रालयाचा दर्जा मिळाला. तिच्या आरोग्यसेवेत सुमारे ९० लाख माजी सैनिकांची नोंद असून, देशभर सुमारे १७० रुग्णालये व हजाराहून अधिक दवाखाने आहेत. येथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या ‘मेडिकेअर’ योजनेत सरकार केवळ बिल भरते. रुग्णालय आणि डॉक्टर बहुधा खासगीच असतात. माजी सैनिकांच्या व्यवस्थेत मात्र रुग्णालय सरकारचे, डॉक्टरही सरकारचेच नोकर. म्हणूनच मार्च २०१० मध्ये ‘ओबामाकेअर’चा कायदा झाल्यानंतर सरकारी आरोग्यसेवेचे विरोधक आणि समर्थक, दोघांनीही याच व्यवस्थेकडे बोट दाखवले. वास्तविक त्या कायद्याने रुग्णालये सरकारच्या ताब्यात घेतली नव्हती. त्याचा मुख्य भर विमासंरक्षण वाढवण्यावर होता.

वादाला खरी धार आली ती २०१४ मध्ये. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात दोन प्रतीक्षा याद्या असल्याचे एका निवृत्त डॉक्टरने उघड केले. पहिली भेट १४ दिवसांत मिळावी, असे उद्दिष्ट वरून ठरवून देण्यात आले होते. ते गाठता येत नव्हते, म्हणून कागदावर गाठण्यात आले. त्या वर्षी मेमोरियल डे २६ मे रोजी होता. दोनच दिवसांनी खात्याच्या महानिरीक्षकांचा अंतरिम अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे १,७०० रुग्णांची नावे अधिकृत प्रतीक्षा यादीत नव्हतीच. तपासलेल्या २२६ प्रकरणांत रुग्णालयाने सरासरी प्रतीक्षा २४ दिवसांची दाखवली होती. प्रत्यक्षात ती ११५ दिवसांची होती. ३० मे रोजी खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी राजीनामा दिला. हे शिन्सेकी स्वतः व्हिएतनाम युद्धात पावलाचा काही भाग गमावलेले सेनानी. प्रतीक्षेच्या काळात काही रुग्ण दगावले हे खरे. मात्र विलंबामुळेच हे मृत्यू झाले, असे ठामपणे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष ऑगस्टमधील अंतिम अहवालाने काढला.

सरकारच्या हाती आरोग्यसेवा सोपवल्यास काय होते, याचा हा पुरावाच आहे, असे टीकाकारांनी म्हटले. त्यांची चिंता निराधार नव्हती. एकच संस्था सेवा देणार, तीच सेवेचे मोजमाप करणार आणि त्या मोजमापावर अधिकाऱ्यांचे बक्षीस व वेतनवाढ अवलंबून राहणार, अशी रचना असली की आकडे सुधारतात, रुग्ण मात्र रांगेतच राहतो. नाराज झालेला रुग्ण दुसरीकडे जाऊ शकत नसेल, तर त्या आकड्यांना आव्हानही मिळत नाही.

म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये झालेल्या कायद्याने ३० दिवसांपेक्षा अधिक थांबावे लागणाऱ्या किंवा ४० मैलांपेक्षा दूर राहणाऱ्या माजी सैनिकांना सरकारी खर्चाने खासगी उपचारांची मुभा दिली. २०१८ च्या कायद्याने ही वाट अधिक रुंद केली. परंतु खासगी दार म्हणजे तत्पर दार, हे गृहीतकही पुढे पूर्णपणे टिकले नाही. १५ महानगरांतील तुलनात्मक अभ्यासात २०१४ मध्ये सरकारी रुग्णालयांतील सरासरी प्रतीक्षा २२.५ दिवस, तर खासगी क्षेत्रातील १८.७ दिवस होती. २०१७ मध्ये हेच आकडे अनुक्रमे १७.७ आणि २९.८ दिवस झाले. ज्या व्यवस्थेला मोडीत काढण्याची भाषा चालली होती, तिनेच तीन वर्षांत खासगी क्षेत्राला मागे टाकले.

याचा अर्थ सरकारी नियंत्रणाविषयीची शंका व्यर्थ होती, असा नव्हे. बाहेरची तपासणी, वृत्तपत्रांचा दबाव आणि संसदेचा जाब यांमुळेच सुधारणा घडली. यंत्रणा आपणहून जागी झाली नाही. मालकी कोणाची, यापेक्षा नोंदवही कोण तपासतो आणि रुग्णाला दुसरा पर्याय आहे का, हे प्रश्न अधिक निर्णायक ठरतात.

भारतात १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना लागू आहे. तिने आरंभापासून मधला मार्ग निवडला: प्राथमिक उपचारांसाठी योजनेची स्वतःची पॉलिक्लिनिक, पुढील उपचारांसाठी लष्करी किंवा नोंदणीकृत खासगी रुग्णालये. या मार्गातही खासगी रुग्णालयांची देयके वेळेवर चुकती होतात की नाही, यावर रुग्णाचा प्रवेश अवलंबून राहतो. तेथेही कसोटी पुन्हा प्रामाणिक हिशेबाचीच.

कबरीवर फूल वाहणे हे कृतज्ञ राष्ट्राचे कर्तव्यच आहे. पण मृत सैनिक काही मागत नाही. त्याचा हयात सहकारी डॉक्टरांच्या भेटीची तारीख मागतो. ती तारीख खरी असणे, हाही त्या मानवंदनेचाच भाग होय.