दम द्यावा, पण किती?

कबड्डीत टाइम आउट असतो तीस सेकंदांचा. प्रत्येक सत्रात प्रत्येक संघाला दोन. त्यात मैदान सोडायची मुभा नाही, म्हणजे खेळाडूंनी रेषेच्या आत राहायचं आणि प्रशिक्षकानं बाहेरून बोलायचं. आता या तीस सेकंदांचा हिशेब मांडा. शिट्टी वाजल्यावर सगळे एका कडेला गोळा होईपर्यंत पाच-सहा सेकंद जातात. बाटली हातोहात फिरते, कुणी पाणी पितो, कुणी डोक्यावर ओततो, कुणी घसरलेली नी-कॅप वर ओढतो. नुकतीच चढाई करून आलेला गडी कमरेवर हात ठेवून धापा टाकत असतो. पुन्हा आपापली जागा घ्यायला शेवटचे चार-पाच सेकंद लागतात. कामाचे उरतात पंधरा. पुण्यातल्या हौशी कबड्डीत या पंधरा सेकंदांत बहुतेक वेळा एकच गोष्ट होते: आरडाओरडा.

सिंहगड रोडच्या बाजूला मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरवलेली स्पर्धा. मातीवर मॅट अंथरलेली, चार बाजूंनी हॅलोजन, स्टेजवर नगरसेवकांच्या सत्काराची तयारी आणि समालोचकाचा माइक एक क्षणही गप्प नाही. पहिल्या सत्रात लोण बसलेला संघ टाइम आउट घेतो. प्रशिक्षक, ज्यांना सगळे ‘आप्पा’ म्हणतात, रेषेला अंगठा टेकवून उभे राहतात आणि सुरू होतात. “काय चाललंय काय तुमचं? जेवून आलाय का घरून? तीन महिने रक्त आटवलं मी तुमच्यासाठी! मंडळाची इज्जत घालवली सगळी! ए, तू काय बघतो खाली? तोंड वर कर!” वेळ संपते. सात जण परत जागेवर. पुढच्याच चढाईत डावा कोपरा घाईघाईनं पाय धरायला झेपावतो, सुटतो, आणि त्याच्या मदतीला धावलेला शेजारचा गडीही बाद होतो. कडेला आप्पांनी कपाळावर हात मारून घेतलेला असतो.

त्याच संध्याकाळी मुलींचा सामना. तिथल्या प्रशिक्षक स्वतः खेळून आलेल्या, मुली त्यांना ताई म्हणतात. आवाज त्यांचाही मोठाच, कारण समालोचकाच्या वर काढल्याशिवाय ऐकूच जात नाही. पण त्या काय बोलल्या ते पाहा. “पाणी प्या आधी.” मग दोन श्वासांची गप्प जागा. “ती पाच नंबर उजवीकडेच वळते. साखळीनं थांबायचं, कोपऱ्यानं एकटं जायचं नाही. आपण सहा आहोत, बोनस गेला तरी चालेल, टच नको. कळलं? काय करायचं, सांग?” शेवटचा प्रश्न एका मुलीला बोट दाखवून. तिनं धापा टाकत सांगितलं, “साखळी, थांबायचं.” संपला टाइम आउट. हा सामना त्या जिंकल्या की हरल्या हे इथं महत्त्वाचं नाही. पण पुढची पकड साखळीनंच झाली.

दोघांचाही आवाज चढलेला होता. एकाच्या आवाजात राग होता, दुसरीच्या आवाजात काम. ओरडणं उपयोगी की निरुपयोगी, हा वाद बऱ्याचदा याच जागी फसतो. आवाजाची पट्टी आणि त्यातला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या तालमींना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुस्तीच्या फडात वस्ताद कडेला बसून ओरडत असतो. “पट काढ!” “कब्जा घे!” “मान दाब!” त्या ओरडण्याला शिस्त असते, एका हाकेत एक डाव. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती मिळते, तिथेही जाणता प्रशिक्षक टॉवेलनं वारा घालत एखाद-दुसरीच सूचना देतो. शिव्या, टोमणे, खानदानाचा उद्धार हे तालमीत होत नाही असं नाही. पण ते पहाटे सपाट्या मारताना, जोर-बैठका काढताना. ऐन लढतीत नाही.

कबड्डीचा नियम तर याहून बोलका आहे. चढाई चालू असताना चढाईपटूला त्याच्याच संघातल्या कुणी सावध केलं किंवा सूचना दिली, तर समोरच्या संघाला गुण द्यावा असं नियमपुस्तक सांगतं. तीस सेकंदांची चढाई, समोर सात जण, तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’चा दम चालू, आणि घरच्या बाजूनं एक शब्द मिळणार नाही. म्हणजे ज्या क्षणी सामना फिरतो त्या क्षणी खेळाडू एकटाच असतो. त्याच्या डोक्यात आधी भरलेली सूचना असेल तर ती उपयोगी पडते. ‘इज्जत घालवली’ एवढंच भरलेलं असेल तर तो इज्जत वाचवायला जातो, आणि घाईची उडी तिथूनच येते.

शास्त्रानंही याची तपासणी केली आहे. 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली: सोप्या कामात चेतवणी वाढवली की कामगिरी सुधारत जाते, पण अवघड कामात एका मर्यादेनंतर ती ढासळते. ढकलणं, पळणं, जोर लावणं ही सोपी कामं. चढाईपटूच्या पायाचा अंदाज घेऊन नेमक्या क्षणी घोटा धरणं हे अवघड काम. मग 2019 मध्ये बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळा-कॉलेजांच्या 23 बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली 304 भाषणं त्यांनी ध्वनिमुद्रित केली आणि उत्तरार्धातल्या गुणांशी ताडून पाहिली. निष्कर्ष मृदुभाषी मंडळींना थोडा खटकेल असा आहे. प्रशिक्षकाचा नाराजीचा, कडक सूर संघाला उपयोगी पडला, पण एका मर्यादेपर्यंत. ती ओलांडून तो आग ओकू लागला की संघाची कामगिरी घसरत गेली.

तेव्हा ‘गोड बोला’ हा काही उपाय नाही. प्रशिक्षक चिडला, याचा अर्थ त्याला फिकीर आहे, हे खेळाडूला कळतं. क्वचित चिडणाऱ्याचं चिडणं तर चांगलंच लागतं. मँचेस्टर युनायटेडचे अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या आरडाओरड्याला ‘हेअरड्रायर’ असं नावच पडलं होतं. पण त्याच फर्ग्युसन यांनी निवृत्तीच्या सुमारास सांगितलं की सदानकदा ओरडून चालत नाही, आणि खेळाडूला ‘शाब्बास’पेक्षा मोठं काही ऐकायचं नसतं.

मग मंडळा-मंडळात रोजचा आरडाओरडा का टिकून आहे? एक कारण टीव्ही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि टाइम आउटमधलं बोलणं माइक लावून घराघरांत पोचलं. पूर्वी जे रेषेवरच्या चार लोकांना ऐकू यायचं त्याचा तमाशा झाला, आणि गल्लीतल्या प्रशिक्षकाला वाटू लागलं की असंच करायचं असतं. निकालावरून म्हणावं तर काहीच ठरत नाही. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. चढ्या आवाजासाठी ओळखले जाणारे मनप्रीत सिंग तेव्हा हरियाणाचे प्रशिक्षक होते. त्याच वर्षी 29 डिसेंबरला आपल्या बालेवाडीत याच हरियाणानं पाटणा पायरेट्सला 32-23 असं नमवून पुढचा हंगाम जिंकला. प्रशिक्षक तेच, आवाज तोच. शिवाय तिथले खेळाडू करारावर असतात, त्यांची शिबिरं चालतात, प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती आधीच बघून झालेल्या असतात. टाइम आउटमध्ये ओरडून सांगितलेला एक शब्द त्यांच्यासाठी पुरेसा असतो, कारण त्यामागचं पाठांतर झालेलं आहे. आपल्या आप्पांची पोरं सकाळी कुरिअरची डिलिव्हरी करून, कॉलेज उरकून, संध्याकाळी सात वाजता मैदानावर येतात.

दुसरं कारण जास्त बोचरं आहे. पोरगं ऐकून घेतं, कारण त्याला पर्याय नसतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. जिल्हा संघात निवड, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र, ही शिडी सर्वसाधारण घरातल्या मुलासाठी फार मोलाची असते. तिची पहिली पायरी प्रशिक्षकाच्या हातात. खाली मान घालून उभा असलेला मुलगा पेटून उठलेला असतो असं नव्हे. तो वाट बघत असतो, हे कधी संपेल याची. एका डाव्या कोपऱ्याला मी विचारलं, सर काय म्हणाले? तो हसला. “सर चिडले की मी शब्द ऐकत नाही, नुसतं तोंड बघतो. किती चिडलेत त्याचा अंदाज घेतो.”

हेच ओरडणं बाणेर-कोथरूडच्या टर्फवर नेऊन पाहा. रविवारी सकाळी आयटीतली मंडळी वर्गणी काढून फुटबॉल खेळतात. तिथे कुणी कप्तानपणा अंगात आणून “अरे पास का देत नाहीस?” म्हणून सगळ्यांदेखत झापलं, तर समोरचा वाद घालत नाही. पुढच्या रविवारी ग्रुपवर ‘आज जमणार नाही’ असा निरोप येतो, त्याच्या पुढच्या रविवारी तोही येत नाही. दहातले दोन असे गेले की खेळच बंद. ज्याला निघून जाता येतं तो निघून जातो. ओरडण्यानं हौशी खेळाडू पेटतो की विझतो, याचं खरं उत्तर टर्फवर मिळतं, मंडळाच्या मैदानावर नाही.

‘चक दे! इंडिया’तलं सत्तर मिनिटांचं भाषण आजही कित्येक प्रशिक्षकांना आदर्श वाटतं. त्यांनी ते एकदा पुन्हा बघावं. शाहरुख खान त्यात ओरडत नाही, जवळजवळ पुटपुटतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, संघाला अख्खा सिनेमाभर घाम गाळायला लावल्यानंतर तो हे बोलतो.

तेव्हा प्रशिक्षकांना एवढीच विनंती. टाइम आउट घेतलात तर आधी पाणी पिऊ द्या. मग एक सूचना, फार तर दोन, आणि त्या खेळाडूकडून वदवून घ्या. आवाज लागेल तेवढा चढवा, पण काय करायचं ते ओरडून सांगा. काय चुकलं ते पोराला तुमच्या आधी कळलेलं असतं. रागवायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी सरावाला, एकट्याला बाजूला घेऊन. एवढं करूनही संघ हरला, तर कारण आवाजात शोधू नका. ते सरावात आहे.