बाप्पा रागावतो का?

नैवेद्याच्या ताटातला मोदक घेण्यासाठी चार वर्षांचे मूल हात पुढे करते आणि घरातले कुणीतरी चटकन म्हणते, ‘थांब, बाप्पा रागावेल!’ मूल हात मागे घेते. सांगणाऱ्याचा हेतू साधा असतो. नैवेद्य होईपर्यंत मुलाने दम धरावा, एवढाच. परंतु धर्म आणि श्रद्धा यांविषयीचे मुलांचे पहिले शिक्षण बहुधा अशाच सहज उच्चारलेल्या वाक्यांतून होत असते. म्हणूनच या वाक्याचे मुलाच्या मनात पुढे काय होते, हे पालकांनी समजून घ्यायला हवे.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक समजेवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात एक प्रयोग नोंदवला आहे. त्यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. दोन मुले बागेत सफरचंदे चोरत असतात. शिपाई येतो. एक मूल पकडले जाते, दुसरे पळून जाते आणि घरी जाताना कुजक्या लाकडी पुलावरून नदीत पडते. ‘त्याने चोरी केली नसती, तर ते पडले असते का?’ या प्रश्नावर लहान वयाच्या बहुतेक मुलांचे उत्तर ‘नाही’ असे होते. पूल कुजलेला होता, ही गोष्ट त्यांना पुरेशी वाटत नव्हती. अपराध केला की शिक्षा कुठून तरी चालून येतेच, अशी त्यांची धारणा होती. वय वाढले तशी ही धारणा ओसरत गेलेली दिसली.

लहान मूल मुळातच असा विचार करीत असेल, तर ‘बाप्पा रागावेल’ हे वाक्य त्या विचाराला दुजोरा देते. दोन दिवसांनी मुलाला ताप आला किंवा आजोबांना रुग्णालयात न्यावे लागले, तर त्याचा संबंध ते त्या मोदकाशी जोडू शकते. अशी भीती मुले सहसा बोलून दाखवीत नाहीत. मूल एकाएकी देवघरात जायचे टाळू लागले किंवा रात्री दिवा मालवू देईना, तर ‘तुला कशाची भीती वाटते?’ असे शांतपणे विचारावे. ‘तुझ्यामुळे आजोबा आजारी पडलेले नाहीत’, हे त्याला स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळाले पाहिजे.

मग मुलाला थांबवायचे कसे? खरे कारण सांगून. ‘नैवेद्य दाखवला की आपण सगळे मिळून खाऊ’ हे सांगायला तेवढाच वेळ लागतो आणि त्यातून वाट पाहणे व वाटून खाणे या दोन्ही गोष्टी मूल शिकते. या वयात धर्म कळतो तो कृतीतून: तिन्हीसांजेचा दिवा, दारातली रांगोळी, ध्रुव-प्रल्हादाच्या गोष्टी, शेजारच्या घरातून ईदला येणारा शीरखुर्मा, नाताळच्या चांदण्या. ईश्वराच्या स्वरूपाची चर्चा त्याला झेपणारी नसते. घरातली माणसे एकत्र येऊन काही आदराने करतात, एवढे मात्र त्याला नीट उमगते.

देवाचा धाक नसेल तर मुलांना चांगले-वाईट कसे कळणार, अशी शंका अनेक आजी-आजोबांना येते. लॅरी नुची आणि इलियट ट्युरिएल या अमेरिकी अभ्यासकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात उद्बोधक आहे. कडव्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती आणि ज्यू कुटुंबांतील मुलांना त्यांनी विचारले होते, की देवाने अमुक नियम केलाच नसता तर? उपासनेच्या दिवशी काम करणे मग चालले असते, असे बहुतेकांनी सांगितले. दुसऱ्याला मारणे किंवा चोरी करणे मात्र तरीही वाईटच, असे त्यांचे मत पडले. कारण त्यामुळे दुसऱ्याला इजा होते. सश्रद्ध घरातली मुलेही या दोहोंतला फरक जाणतात. तेव्हा ‘मारू नकोस, त्याला लागतं’ हे कारण सश्रद्ध आणि अश्रद्ध अशा दोन्ही घरांत पुरेसे आहे.

अश्रद्ध पालकांचीही एक चूक संभवते. ‘देवबीव काही नसतं’ असे फटकारून सांगितले, की मुलाचा प्रश्न तिथेच संपतो. वर आजीची श्रद्धा ही हसण्याची गोष्ट ठरते. एकाच घरात आजी उपास करते, वडील काही मानत नाहीत आणि आई दुसऱ्या धर्मात वाढलेली असते, अशी कुटुंबे आता शहरांत नवलाची राहिलेली नाहीत. तिथे ‘आजीला असं वाटतं, मला असं वाटतं, मोठा झालास की तूही विचार कर’ ही भाषा उपयोगी पडते. दोन प्रिय माणसांची मते वेगळी असू शकतात, हे मूल स्वीकारते. त्याला त्रास होतो तो त्या मतांवरून होणाऱ्या भांडणाचा.

आपल्या राज्यघटनेनेही या नाजूक विषयाची दखल घेतली आहे. २८ व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य वा अनुदानित शाळेतील अज्ञान विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घ्यायचे, तर पालकांची संमती लागते. संयुक्त राष्ट्रांची १९८९ ची बालहक्क संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्या १४ व्या कलमात विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मुलालाही आहे, असे म्हटले आहे. पालकांचा मार्गदर्शनाचा हक्क त्यात मान्य केला आहे. मात्र ते मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेला अनुसरून असावे, अशी अपेक्षा आहे.

सहा-सात वर्षांचे झाल्यावर तेच मूल एके दिवशी विचारील, ‘बाप्पा खरंच मोदक खातो का? मग ताटातले कमी का होत नाहीत?’ त्या वेळी त्याला गप्प बसवू नये. आपली जी समजूत असेल ती प्रामाणिकपणे सांगावी, ठाऊक नसेल तर तसेही सांगावे आणि ‘तुला काय वाटतं?’ असे विचारून त्याचे उत्तर ऐकावे. हा प्रश्न मूल निर्धास्तपणे विचारू शकले, तर पुढचे प्रश्न घेऊनही ते आपल्याकडेच येईल.