स्वस्तातली चेन सॉ कितीला पडली?

मंडळातील बऱ्याच जणांना ठाऊक आहे, की मी संगणकावर पोट भरत असलो तरी माझी पदवी मेकॅनिकलची. पाना-पक्कड दिसली की हात शिवशिवतात. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी 'शाहीन' चक्रीवादळ बातिना किनाऱ्यावर आदळले आणि सुवैकजवळ एका ओमानी सहकाऱ्याच्या बागेतली झाडे आडवी झाली. मला निमित्तच मिळाले!

जर्मन श्टील कंपनीच्या जुन्या '०६६' चेन सॉबरहुकूम बनवलेले चिनी सुटे भाग मिळतात. ९२ सीसीचा पूर्ण संच मला ९० रियालना पडला. तेवढ्या ताकदीची अस्सल करवत तिपटीहून महाग होती. दोन रात्रींत यंत्र जुळवले, सुरूही झाले.

बागेत दुसरी टाकी संपायच्या आत इंजिन जाम! क्रँकशाफ्टच्या सीलमधून हवा शिरत होती. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते. हवा वाढली की मिश्रण विरळ होते, वंगण कमी पडते. नवा पिस्टन, सिलिंडर, रिंगा, सील, पेट्रोलची नळी : ३८ रियाल.

पुढच्या शुक्रवारी पात्याच्या टोकाची वरची बाजू एका दडलेल्या फांदीला लागली. करवत उसळून खांद्याजवळून गेली. साखळीचा ब्रेक लागलाच नाही. त्याची स्प्रिंग ढिली होती. बायकोने एवढेच विचारले, "बोटांचे सुटे भाग मिळतात का रे?"

मग ब्रेकचे चांगले भाग घेतले १२ रियालचे. जाळीचे हेल्मेट, कानावरची आवरणे, संरक्षक पँट आणि बूट यांना ६० लागले. एकूण २०० रियाल! तरीही अस्सलपेक्षा स्वस्त, पण ९० नव्हे.

हौशी मित्रांसाठी तीन सूचना :

१) पेट्रोल भरण्याआधी इंजिनाची हवाबंद चाचणी करावी.

२) इंजिन बंद ठेवून, ब्रेक सोडून, करवतीचे टोक हातभर उंचीवरून ओंडक्यावर पडू द्यावे. ब्रेक आपोआप लागला पाहिजे.

३) संरक्षक साहित्याचा खर्च पहिल्या दिवशीच धरावा. पँटमधले लांब धागे साखळीत गुंतून तिला थांबवतात. साध्या जीन्सने ते होत नाही.

बाग साफ झाली, करवत आजही चालते. कोणाला पाहायची असल्यास पुढच्या बैठकीला आणीन, पण साखळी काढून!