दुसरा देव नको, म्हणजे काय?

खालापूर तालुक्यात महड आहे. अष्टविनायकांतला वरदविनायक तिथला. याच रायगड जिल्ह्यात महाड आहे, जिथे १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून माणसांची डोकी फोडली गेली. नावांत फरक एका कान्याचा. देवाजवळ आणि पाण्याजवळ कोणी किती यायचे हे जात ठरवीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ख्रिस्ती धर्मातील ‘एकाच देवाची उपासना कर, मूर्ती करू नको’ या आज्ञेचा इथला अर्थ उलगडू लागतो.

ही आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आहे. ती कोणाला दिली गेली, हे प्रवचनांत बहुधा सुटून जाते. मिसरात विटा पाडणाऱ्या, नुकत्याच सुटलेल्या गुलामांना ती दिलेली आहे. मिसरात राजालाच, फारोलाच, देव मानीत. तेव्हा मालकाला देव मानायचे नाही, हा अर्थ त्या माणसांना कोणी समजावून सांगावा लागला नसणार. तरीही थोड्याच दिवसांत त्यांनी कानांतले दागिने वितळवून सोन्याचे वासरू उभे केले. आपल्याला हा अनुभव परका नाही.

आपल्याकडे गावदेव हा गावकीचा भाग. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर न्यायचा, जत्रेत ठरलेली कामे करायची, ही महार-मांगांकडची कामे. बलुते त्यांच्याशी बांधलेले. ज्याने बाप्तिस्मा घेऊन ती नाकारली त्याने गावाने नेमून दिलेली जागाच नाकारली, आणि त्याची किंमत त्याला सुगीत खळ्यावर मोजावी लागे. महार वतने रद्द करणारा कायदा झाला तो फार पुढे, १९५८ साली. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे घर तुटले. ते दुःख खरेच. पण महाराचे घर तुटेच, वर पोटही तुटे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात पहिले दुःख पुष्कळ आले आहे. दुसऱ्याला शब्द फार थोडे मिळाले.

शिवाय सगळे दगड सारखे नाहीत. कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांचा वाघदेव रानाच्या भयातून आलेला आहे. त्याला सोवळे नाही. त्याला आणि सोवळ्यातल्या गाभाऱ्याला एकाच तराजूत घालणारा प्रचारक शास्त्र जाणत असेल, माणसे जाणत नाही.

मग शेजाऱ्याने जत्रेच्या बोकडाचे मटण धाडले तर ख्रिस्ती घराने काय करावे? पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच पेच सोडवला आहे. मूर्ती मुळात काहीच नाही, म्हणून अन्न ते अन्नच. देवळाच्या पंगतीला मात्र बसू नये. आणि ज्याचा विश्वास अजून कच्चा आहे असा भाऊ आपल्याला खाताना पाहून पुन्हा जुन्या भयात ओढला जाणार असेल, तर त्याच्यासाठी ताट बाजूला सारावे. त्याच पत्रात पुढे पौल संतापतो तो प्रभुभोजनावरून: सुखवस्तू आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, याला प्रभूचे भोजन कसे म्हणावे? कलस्सैच्या मंडळीला तर त्याने लोभ हीच मूर्तिपूजा असे लिहिले. मग प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत आलेल्या जातीला काय म्हणायचे?

धर्मांतरिताच्या स्थितीवर लिहिलेल्या इंग्रजी लेखात बाबासाहेबांनी मिशनऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला: ख्रिस्ती झाल्याने जात सुटली का? सरकारने त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकले. १९५० च्या आदेशातील अनुसूचित जातींच्या सवलती १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. सरकारच्या लेखी त्यांना जात उरलेली नाही. मंडळीत मात्र सोयरीक निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही मूळचे कोण?’ आणि विचारणाऱ्याला गावाचे नाव नको असते.