उंचीची पट्टी आणि माणसाची पारख

माणसाची पारख कशी करावी हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलांत तर या प्रश्नावर दरसाल लाखों डॉलर पणास लागतात. त्या खेळांत अंगानें लहान परंतु पायानें चपळ अशा ‘लाइनबॅकर’ची परीक्षा कशी होते, आणि कशी व्हावी, याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें किंवा तो सहकाऱ्याकडे फेंकावयाचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. दोन्ही पक्षांचे अकरा अकरा गडी असतात. अडवणाऱ्या पक्षाच्या पहिल्या फळींत धिप्पाड मल्ल असतात, आणि त्यांच्या मागें कांहीं पावलांवर लाइनबॅकर उभा असतो. फळी फोडून येणाऱ्याला लोळवणें हें त्याचें एक काम; चेंडू फेंकला जाणार असें दिसतांच मागें धांवून झेलणाऱ्याला गांठणें हें दुसरें. पहिल्याला वजन हवें, दुसऱ्याला वेग. चेंडू फेंकण्यावर भर वाढत गेला तसतसा वेगाचा भाव चढला. परंतु त्याची वाट अडवणारे समोरचे गडी आजही ३०० पौंडांहून जड असतात.

दरसाल फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस येथें विद्यापीठांतील निवडक तरुणांची परीक्षा होते. उंची, वजन, हाताची लांबी मोजतात आणि ४० यार्ड धांवण्यास किती वेळ लागला तें सेकंदाच्या शतांशापर्यंत टिपतात. हीं मापें खोटीं नसतात. मात्र जें मोजतां येतें तेंच महत्त्वाचें, असें मानण्याचा मोह मोठा असतो. मोकळ्या वाटेनें सरळ ४० यार्ड धांवण्याचा प्रसंग लाइनबॅकरवर क्वचित्च येतो.

सॅम मिल्स याची उंची ५ फूट ९ इंच. १९८१ सालीं एकाही संघानें त्याची निवड केली नाहीं. क्लीव्हलंडनें त्याला घेऊन सोडून दिलें, पुढें टोरंटोनेंही तेंच केलें. तो न्यू जर्सींतील एका शाळेंत छायाचित्रण व सुतारकाम शिकवूं लागला. १९८३ मध्यें निघालेल्या नव्या स्पर्धासंघांत फिलाडेल्फियाकडून खेळण्याची संधि त्याला मिळाली. तेथील मार्गदर्शक जिम मोरा १९८६ मध्यें न्यू ऑर्लीन्सला गेले तेव्हां मिल्सला बरोबर घेऊन गेले. तो १९९७ पर्यंत खेळला. वर्षांतील निवडक खेळाडूंत पांच वेळां गणला गेला. २००५ मध्यें कर्करोगानें त्याचें निधन झालें, आणि कँटन येथील कीर्तिमंदिरांत त्याचें नांव लागलें तें २०२२ मध्यें.

मिल्सच्या ठायीं असें काय होतें, कीं जें पट्टीला दिसलें नाहीं? आमच्या मतें अशा गड्याविषयीं तीन प्रश्न विचारावे. चेंडू हालतांच त्याचें पहिलें पाऊल बरोबर दिशेनें पडतें काय? हुतुतू पाहिलेल्यांस हें सांगणें नको: ज्याला डाव आधीं कळला तो मंद असूनही लवकर पोंचतो, चुकीच्या दिशेनें धांवणारा चपळ गडी मात्र लवकर दूर जातो. दुसरें, अंगावर येणाऱ्या जड गड्याच्या हातांतून तो खालून निसटतो, कीं त्याला टाळण्यासाठीं आपली राखावयाची जागाच मोकळी सोडतो? तिसरें, त्याच्या मिठींत सांपडलेला माणूस जागीं पडतो, कीं दोन यार्ड पुढें जाऊन पडतो?

तथापि वजनाचें ऋण बुद्धीनें सर्वस्वी फिटतें असेंही म्हणतां येत नाहीं. जेरेमाया ओवुसु-कोरामोआ हा सुमारें २२० पौंडांचा, विलक्षण वेगवान गडी. २०२१ मध्यें ५२ वा निवडला गेला आणि २०२३ मध्यें उत्तम खेळाडूंत गणला गेला. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्यें डेरिक हेन्री या त्याच्याहून पुष्कळ जड गड्याला अडवतांना त्याच्या मानेस इजा झाली, आणि २०२५ चाही सर्व हंगाम त्याला मुकावा लागला. मान जडदेही गड्याचीही दुखावते. तरीही लहान अंगाच्या माणसाला निवडणाऱ्यानें त्याच्यापुढें जड सहकारी उभे करून त्याला वाव आणि आडोसा दोन्ही देणें, हें निवडीइतकेंच मोठें कर्तव्य आहे.

आपल्या घरांतूनही दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा करण्याची हौस असते. ती मौज म्हणून ठीक आहे. पुढें परीक्षेच्या गुणांचीही तशीच चौकट होते आणि चुलत भावंडें तिच्याशीं एकामागून एक उभीं केलीं जातात. पट्टी मोडून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खूण करून झाल्यावर मुलगा अंगणांत कसा खेळतो, तेंही वडील माणसांनीं क्षणभर उभें राहून पाहावें.