मोटारीच्या ब्रेकमधील घर्षण

धावत्या मोटारीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाद्वारे उष्णतेत रूपांतर करून तिचा वेग कमी करणे, हे ब्रेकचे कार्य होय. यात दोन निरनिराळी घर्षणे एकाच वेळी काम करतात. पहिले ब्रेक पॅड व लोखंडी चकती (किंवा लायनर व ड्रम) यांच्यातील, दुसरे टायर व रस्ता यांच्यातील. पहिले चाकाचे फिरणे मंदावते. मोटारीला प्रत्यक्ष मागे खेचणारे बल मात्र दुसऱ्या घर्षणातून मिळते. म्हणूनच उत्तम ब्रेक असलेली मोटारही ओल्या रस्त्यावर घसरू शकते.

घर्षणाचे नियम

घर्षणबल हे पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या लंब बलाच्या प्रमाणात असते आणि स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते, हे आमोंतों यांनी १६९९ मध्ये मांडले. पुढे कुलों यांनी त्यावर सविस्तर प्रयोग केले. ब्रेक पॅडसाठी घर्षण गुणांक साधारणपणे ०.३ ते ०.४५ असतो. पॅड मोठा केल्याने घर्षण वाढत नसेल, तर तो मोठा का करतात, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. उत्तर असे की, मोठ्या पॅडची झीज सावकाश होते आणि उष्णता अधिक क्षेत्रावर विभागली जाते.

टायर आणि रस्ता

न घसरता फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्याच्या सापेक्ष जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे तेथे स्थैतिक घर्षण लाभते. चाक जखडले की टायर फरफटतो. घर्षण घटते आणि स्टीअरिंगही निरुपयोगी होते. चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा याचसाठी असते.

समजा, मुलुंडहून ठाण्याकडे पूर्व द्रुतगती महामार्गावर एक मोटार ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. घर्षण गुणांक कोरड्या रस्त्यावर ०.७ धरल्यास ब्रेक लागल्यानंतर ती सुमारे २९ मीटरांत थांबेल. पावसात तो ०.४ झाल्यास सुमारे ५१ मीटर लागतील. चालकाच्या प्रतिक्रियेला एक सेकंद लागला, तर त्यात आणखी २० मीटर मिळवावे लागतात. या गणितात मोटारीचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर अंतर चौपट.

घाट आणि उष्णता

वस्तुमानाचा खरा प्रश्न उष्णतेत आहे. १,२०० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किमी वेगावरून थांबवताना सुमारे २.४ लाख जूल उष्णता निर्माण होते. लोणावळ्याहून बोरघाटाने खोपोलीकडे येताना रस्ता ५०० मीटरांहून अधिक खाली उतरतो. केवळ ५०० मीटरांच्या उतारात या मोटारीची स्थितिज ऊर्जा सुमारे ५९ लाख जूलांनी कमी होते. सर्व भार ब्रेकवर टाकल्यास तो ताशी ७२ किमीवरून सुमारे चोवीस वेळा पूर्ण थांबण्याइतका होतो, आणि मध्ये थंड होण्यास फारशी उसंत नसते. ४० टनांच्या ट्रकसाठी हाच आकडा जवळजवळ २० कोटी जूल आहे.

फार तापल्यावर पॅडमधील राळ विघटित होऊन वायू सुटतात व घर्षण गुणांक घसरतो. ब्रेक ऑइल उकळल्यास नळीत वाफ साठते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोहोचवत नाही, आणि पेडल थेट तळाशी जाते. ‘ब्रेक फेल झाला’ असे म्हटले जाते तेव्हा अनेकदा काहीही तुटलेले नसते. उपाय जुनाच आहे: घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे, म्हणजे काही ऊर्जा इंजिन शोषून घेते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक नेमका हाच आधार गमावतो.

घर्षण पदार्थ

उष्णता सोसणारा व स्वस्त तंतू म्हणून विसाव्या शतकात ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरले गेले. मुलुंडच्या दक्षिणेस घाटकोपर येथे, लालबहादूर शास्त्री मार्गावर, हिंदुस्तान फेरोडो (नंतरचे नाव हिंदुस्तान कंपोझिट्स) या कंपनीच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसपासून ब्रेक लायनर बनत. या तंतूंची धूळ श्वासावाटे गेल्यास अ‍ॅस्बेस्टॉसिस व कर्करोग होऊ शकतो, आणि रोग अनेक दशकांनी प्रकट होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामावर रुजू झाल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पॅडमध्ये राळेसोबत पोलादी किंवा अरामिड तंतू, ग्राफाइट आणि खनिज चूर्ण असते. ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ही सूचना गॅरेजमधील कारागिरांसाठी आजही महत्त्वाची आहे. जुन्या गाडीतील लायनर कशाचा आहे, हे पाहून ओळखता येत नाही.